झाडाला दात नसतात

"बाबा, माझं शिकायचं आता काय राहिलंय?"

रेवणपुरीबाबा मठाच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. दाणे वाटीत पडत राहिले.

अच्युतपुरी उभाच राहिला. त्याच्या विचारण्यात तक्रार नव्हती, उतावीळपणाही नव्हता. चढण चढून माथ्यावर आलेला माणूस सोबत्याला विचारतो, आता पुढं चढ आहे का... तसं त्यानं विचारलं होतं.

आणि तसं विचारायचा त्याला हक्क होता. ऐन उमेदीची वर्षं काशीला काढून तो न्याय आणि वेदान्त शिकून आला होता. वादात त्याला कुणी अडवल्याचं ऐकिवात नव्हतं. आसपासच्या गावांतले कीर्तनकार शंका घेऊन पांढरओहोळच्या मठात येत आणि बसल्या बैठकीला निरसन घेऊन जात. नव्या शिष्यांचा पाठ तोच घेई. बाबांच्या मागं गादी त्याचीच, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक आहे, असं गावात म्हणत.

बाबांनी शेवटची शेंग सोलली.

"पूर्वेकडच्या मोसंबीला काय झालंय?"

अच्युतपुरीनं तिकडं पाहिलं. एका भक्तानं दिलेली कलमं तिथं लावली होती. लावली तेव्हा चांगली तरारली होती. आता अंगावर हळद सांडल्यासारखी दिसत होती.

"पिवळी पडलीत."

"ती हिरवी कर. मग बोलू."

अच्युतपुरी हसला. त्यानं नमस्कार केला आणि तो वळला. कामाला तो कधी भ्यायला नव्हता, आणि विचारानं सुटणार नाही अशी गाठ त्याला अजून भेटायची होती.

ही गाठ तर सोपी होती. पिवळं पडलं म्हणजे उपाशी. उपाशी म्हणजे अन्न हवं. झाडाचं अन्न म्हणजे शेणखत.

त्यानं उकिरडा उपसायला घेतला. मल्हारी नावाचा नवा शिष्य पाट्या वाहायला आला. मल्हारी मेंढरं राखणाऱ्या घरातला, विशीतला, रुंद खांद्याचा तरुण. त्याच्या थोरल्या भावाला मेंढरांच्या वाड्यावर साप चावला होता, आणि दवाखाना गाठायच्या आत तो गेला होता. त्यानंतर मल्हारीचं कळपात लक्ष लागेना, म्हणून तो मठात आला.

आल्यावर पहिल्याच पाठाला त्यानं विचारलं होतं, "महाराज, मेलेला माणूस जातो कुठं?"

अच्युतपुरीनं त्याला उत्तर दिलं होतं. एक नव्हे, अनेक. कोणतं दर्शन काय म्हणतं, दुसरं त्यावर काय आक्षेप घेतं, आणि अखेर सिद्धान्त कुठं ठरतो. वचनांवर वचनं आली. बाकीचे शिष्य तोंडात बोट घालून ऐकत राहिले. मल्हारी "हां" म्हणाला आणि खाली बघत बसला. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. अच्युतपुरीला वाटलं, समाधान झालं.

तर मल्हारीनं पाट्या वाहिल्या, अच्युतपुरीनं आळी भरली.

पानं पिवळीच राहिली.

मग अच्युतपुरीला वाटलं, खत आहे, पण ते मुळापर्यंत उतरायला पाणी हवं. त्यानं विहिरीवरची मोटर सुरू केली आणि आळी तुडुंब भरली. आज भरली, उद्याही भरली. पानं आणखी पिवळी झाली.

मग त्याची नजर गवतावर गेली. हा वाटेकरी! आपण घालतो झाडाला, खातो हा. दोघांनी खुरपी घेतली आणि बागेतलं विरळ गवत मुळासकट काढलं. एका कोपऱ्यात, बांधाला लागून वारूळ होतं, तिथं मात्र मल्हारी पाय घालीना. अच्युतपुरीनं कारण ओळखलं आणि तेवढा तुकडा सोडून दिला.

बाग अंगणासारखी स्वच्छ झाली. नवी पालवी आली ती जवळजवळ पांढरी.

अच्युतपुरी डगमगला नाही. काही तरी निसटतंय एवढंच, असं तो मल्हारीला म्हणाला. सापडेल.

एके सकाळी बाबा काठी टेकत बागेत आले. संन्यास घेण्याआधी रेवणपुरीबाबा शेतकी विद्यालयात मातीचा विषय शिकवत असत. ते सगळं त्यांनी सोडलं होतं, पण ढेकूळ दिसलं की उचलून हातात चुरायची सवय सुटली नव्हती.

"कोणती पानं पिवळी आहेत?" त्यांनी विचारलं.

"सगळीच."

"बघ."

अच्युतपुरी झाडापाशी वाकला आणि पहिल्यांदाच त्यानं झाड नीट पाहिलं. सगळी पिवळी नव्हती. खालची जुनी पानं गडद हिरवी होती, तेल लावल्यासारखी तुकतुकीत. वर जावं तसा रंग उडत गेला होता. शेंड्याची कोवळी पानं साफ पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरा तेवढ्या हिरव्या... जाळं विणून ठेवल्यासारख्या.

"लोह कमी पडतंय," बाबा म्हणाले आणि आले तसे निघून गेले.

अच्युतपुरी विचारात पडला. मग त्याला मठातल्या नादुरुस्त लाउडस्पीकरची आठवण झाली. त्यानं त्यातलं लोहचुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि बागेच्या मातीतून ओढत नेलं. वर उचललं तेव्हा त्याला काळ्या कणांची भरघोस दाढी आली होती.

ते घेऊन तो थेट ओट्यावर गेला.

"क्षमा असावी बाबा. निदान चुकलं."

बाबांनी चुंबक हातात घेतलं. त्या काळ्या दाढीवरून बोट फिरवलं. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसला.

"बरंच आहे की."

"ढिगानं आहे. या मातीत लोह नाही म्हणणं म्हणजे समुद्राला पाणी नाही म्हणणं."

"मातीत नाही, असं मी कुठं म्हटलं?"

अच्युतपुरी थांबला.

"झाडाला कमी पडतंय म्हटलं," बाबा म्हणाले.

"पण झाड त्या मातीतच उभं आहे."

"उभं आहे."

"मातीत आहे आणि मातीत उभ्या असलेल्या झाडाला नाही... हे कसं?"

"जेवायला बस. पान वाढू दे."

त्या दिवशी बाबांनी स्वतः वाढलं. पंगतीत सगळ्यांना भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा मिळाला. अच्युतपुरीच्या ताटात त्यांनी ज्वारीचं एक वाळलेलं कणीस ठेवलं. टपोरं, दाण्यांनी भरलेलं. त्याच्याशेजारी तुरीची एक अख्खी शेंग, टरफलासकट.

शिष्य एकमेकांकडे बघू लागले. कुणी जेवायला सुरुवात करीना.

अच्युतपुरीनं कणसाकडे पाहिलं, मग बाबांकडे. चारचौघांत असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. पण त्यानं ताट सरकवलं नाही. कणसाचे दोन दाणे सोडवले, तोंडात टाकले आणि चावत राहिला. दातांखाली नुसती कचकच होत होती.

"भाकरीत आहे तेच यात आहे," बाबा म्हणाले. "कमी नाही काही."

"नाही बाबा. कमी नाही."

"मग?"

"खाता येत नाही."

"तुला निदान दात तरी आहेत." बाबांनी त्याच्या ताटातलं कणीस उचललं आणि तिथं गरम भाकरी ठेवली. "झाडाला दात नसतात, अच्युता. ते फक्त पितं."

जेवणं उरकल्यावर बाबा त्याला घेऊन बागेत आले. येताना त्यांनी एक लिंबू आणलं होतं. त्यांनी पांढऱ्या खड्यांचं एक ढेकूळ उचललं. पांढरओहोळच्या जमिनीत अशी ढेकळं जागोजाग सापडत. जमीन चुनखडीची, गावाचं नावही त्यावरूनच पडलेलं. त्या ढेकळावर त्यांनी लिंबू पिळलं.

ढेकूळ फसफसलं. पांढरा फेस आला, बसला.

"चाख."

अच्युतपुरीनं ओल्या मातीला जीभ लावली.

"काय लागतं?"

"माती लागते."

"आंबट?"

"नाही."

"पूर्ण लिंबाचा रस घातला. गेला कुठं?"

अच्युतपुरीनं ढेकळाकडे पाहिलं. "चुन्यानं खाल्ला."

मग बाबांनी त्याला समजावून सांगितलं, विद्यालयात सांगत असतील तसं, हातवारे न करता, सावकाश. लोह मातीत असतं ते कणीस असतं. त्याची भाकरी झाल्याशिवाय झाडाला ते घेता येत नाही. ते पाण्यात उतरावं लागतं. उतरवायचं काम मूळ करतं. ते आपल्यातलं आंबट बाहेर मातीत सोडतं, त्यानं लोह सुटतं, पाण्यात येतं, मग मूळ ते पितं. या जमिनीत मूळ सोडतं ते सगळं चुना गिळून टाकतो. आणि विहिरीचं पाणीही चुन्याचंच. ते आळी भरभरून दिलं, मुळांचा श्वास कोंडला, मुळाचं आंबट गिळायला चुना आणखी आला.

अच्युतपुरी ऐकत होता. त्याचं अडलं ते भलत्याच ठिकाणी.

"मूळ आधी सोडतं?"

"हो."

"घ्यायच्या आधी?"

"आधी."

मूळ म्हणजे घेणारं, ओढणारं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. एवढी शास्त्रं पाहिली, उपमेसाठी झाडं कितीदा तरी वापरली, पण मुळाकडे देण्यासारखं काही असेल, असं मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरून उजाडलं तसा तो बागेत गेला. का गेला, ते त्याला सांगता आलं नसतं. पिवळ्या ओळींमधून चालत तो बांधाच्या टोकापर्यंत गेला आणि थबकला.

वारुळाशेजारचं एक कलम हिरवं होतं.

इतरांसारखंच कलम, त्याच दिवशी लावलेलं, तीच माती, तेच पाणी. फरक एकच. तिथं खुरपं पोचलं नव्हतं. बांधावरून उतरलेलं मारवेल गवत त्याच्या बुंध्याला दाट बिलगून उभं होतं.

तो मठात आला आणि त्यानं बाबांना बोलावून नेलं. बाबांनी गवताची एक काडी उपटून तिची मुळं दाखवली, केसांसारखी बारीक. गवताची तऱ्हा वेगळी, ते म्हणाले. ते मुळांतून असं काही सोडतं की चुन्याच्या तावडीतलं लोहसुद्धा धरून आणतं. आणलेलं सगळं त्याला एकट्याला संपवता येत नाही. शेजारी जो असेल त्यालाही लाभतं.

"आणि मी तो वाटेकरी म्हणून उपटला," अच्युतपुरी म्हणाला.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. अनुमान चुकलं म्हणून नव्हे. चुका त्यानं वादात दुसऱ्यांच्या कितीतरी दाखवल्या होत्या, चूक म्हणजे काय ते तो जाणून होता. पण ही चूक करताना त्याला क्षणभरही शंका आली नव्हती, हे त्याला लागलं.

बाबांनी त्याला बाजारातून हिराकस आणायला सांगितलं.

हिराकस म्हणजे लोहाचंच मीठ. फिकट हिरवे, काचेसारखे खडे. बाबांनी चिमूटभर खडे पाण्यात विरघळवले आणि त्याचा गंज होऊन बसू नये म्हणून वर लिंबू पिळलं. काडीला कापूस गुंडाळला. मग एका पिवळ्या झाडाच्या शेंड्याचं एकच पान हातावर घेतलं आणि त्याच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला ते पाणी लावलं. देवाला गंध लावावं तसं, हलकेच. दुसरी बाजू कोरडी ठेवली.

"एवढंच?" अच्युतपुरीनं विचारलं.

"एवढंच. आता थांब."

तो थांबला. रोज जाऊन बघत राहिला. आधी काहीच झालं नाही. मग लावलेल्या बाजूवर हिरव्या ठिपक्यांची शंका आली. आणि एके दिवशी पान असं दिसलं की तो त्याच्यासमोर मांडी घालून बसला.

अर्धं पान हिरवं, अर्धं पिवळं. मधल्या शिरेवर रंग बरोबर थांबला होता. एकाच देठावरचं, एकाच ऊन-वाऱ्यातलं पान. स्पर्श झाला ती बाजू जिवंत झाली होती. न झालेली होती तशीच होती. आणि त्याच फांदीवर, टीचभर खाली, जुनी पानं गडद हिरवी, भरलेली, तुकतुकीत.

बाबा मागं येऊन उभे राहिले होते.

"बाबा, खालची पानं एवढी भरलेली आहेत. वर थोडं का पाठवत नाहीत?"

"लोहाचं तसंच आहे. ज्या पानात बसलं तिथं बसलं. हलत नाही." बाबा झाडाकडे बघतच बोलत होते. "पान मोठं देखणं दिसतं. येणाराजाणारा वाखाणतो... आणि शेंडा उपाशी."

एवढं बोलून ते गेले. त्यांनी अच्युतपुरीकडे पाहिलंही नाही.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाठ होता. अच्युतपुरी आसनावर बसला, त्यानं सूत्र म्हटलं, विवरण सुरू केलं. नेहमीसारखंच ओघवतं. मग मध्येच त्याची नजर समोर गेली.

शिष्य ताठ बसले होते. हात जोडलेले, डोळे त्याच्यावर. कुणी हललं नाही, कुणी विचारलं नाही. गेले कित्येक महिने या पाठात कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांना सगळं कळतं म्हणून, असं तो धरून चालला होता.

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. शिष्यांना वाटलं, महाराज ध्यानात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी त्याच्या खोलीच्या दारात आला. खांद्यावर घोंगडी, काखेत बोचकं. पाया पडून म्हणाला, "निघतो महाराज."

"कुठं?"

"घरी. मेंढरं हायेत."

अच्युतपुरीनं त्याला आत बोलावलं. इथं काही कमी पडलं का, कुणी बोललं का, विचारलं. मल्हारीनं मान हलवली. तसं काही नव्हतं. तो शब्द शोधत उभा राहिला.

"हितं सगळं हाय महाराज," तो शेवटी म्हणाला. "लई हाय. पर माझ्या अंगी लागत न्हाई."

अच्युतपुरी त्याच्याकडे बघत राहिला. उत्तर जिभेवर होतं. अधिकारभेदाचं वचन होतं, धीर धरण्याचं होतं, नदी आणि घागरीचा दृष्टांतही होता. सगळं जागच्या जागी, एका हाकेवर.

त्यानं त्यातलं काहीच उचललं नाही.

"तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस," तो म्हणाला. "माणूस जातो कुठं."

"व्हय."

"मला ठाऊक नाही, मल्हारी."

मल्हारीनं मान वर केली.

हे वाक्य त्यानं आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. बाहेर पडलं तसं आतून काही तरी सुटल्यासारखं झालं, आणि मग तो बोलत गेला, साधं, घरी बोलतात तसं. त्याचे वडील देवळाचे पुजारी होते. तो शिकत्या वयाचा असताना तापानं गेले. हाच प्रश्न घेऊन तो काशीला गेला होता.

"उत्तरं पुष्कळ मिळाली," तो म्हणाला. "मी ती सगळी पाठ केली. प्रश्न आहे तिथंच आहे. अजून घंटा वाजली की मला वाटतं, वडीलच वाजवतायत."

मल्हारी हळूच खाली बसला. बोचकं काखेतून सुटलं.



"आमचा दादा शीळ घालायचा," मल्हारी म्हणाला. "कळप वळवायला. आता मी घातली तर मेंढरं थांबत्यात, वळून बघत्यात... आन् मग मला बघून खाली मान घालत्यात."

आणि तो रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. अच्युतपुरीनं त्याचं सांत्वन केलं नाही, त्याला एकही वचन ऐकवलं नाही. नुसता जवळ बसून राहिला. मल्हारी भावाबद्दल बोलत होता, मध्ये थांबत होता, पुन्हा बोलत होता. ऊन उंबरठा ओलांडून खोलीत आलं तरी ते उठले नाहीत.

दुपारी मल्हारी पंगतीला बसला. त्याचं बोचकं खुंटीवर गेलं होतं.

त्यानंतर बागेचं काम जोरात झालं. बाबांच्या सांगण्यावरून कुजलेल्या शेणखतात हिराकस मुरवून झाडांच्या कडेनं चर भरले, पानांवर फवारा दिला, पाणी तोडून मोजकं केलं. बांधावरचं मारवेल आणून झाडांमध्ये लावलं. ते अच्युतपुरीनं स्वतःच्या हातानं लावलं, एकेक ठोंब. पुढची पालवी आली ती पोपटी, आणि पोपटीची हिरवी झाली.

पाठाचं रूपही पालटलं. आता तिथं आवाज ऐकू येऊ लागले. शिष्य मध्येच अडवत, नाही कळलं म्हणत. एखाद्या प्रश्नावर अच्युतपुरी म्हणे, हे मलाही नीट उमगलेलं नाही, चला बघू. कीर्तनकार येत, ते चकित होत. एकानं तर गावात सांगितलं की महाराजांची विद्या उतरणीला लागलेली दिसते. अच्युतपुरीच्या कानावर ते आलं. तो मोकळेपणानं हसला.

उतरणीला लागले होते ते बाबा. त्या वर्षी हिवाळ्यात ते फार वाळले. गळ्याची हाडं वर आली, उठताना दोघांचा हात लागू लागला. तरी सकाळी ऊन पडलं की शिष्यांना जवळ बोलावत, एकेकाला काही सांगत, काही विचारत. बोलता बोलता दम लागे. थांबत, पुन्हा सुरू करत. मल्हारीला तर ते माती ओळखायला शिकवत होते, ढेकूळ त्याच्या तळहातावर चुरून.

अच्युतपुरीला ते बघवेना.

एका सकाळी बाबा विहिरीजवळच्या वांग्याच्या वाफ्याशी बसले होते. शिष्य नुकतेच उठून कामाला गेले होते. अच्युतपुरी शेजारी बसला आणि त्यानं मनातलं सांगितलं. आता शिष्यांचं सगळं मी बघतो, तुम्ही निवांत पडा. तुमच्या अंगात काही उरलं नाही, बाबा. जे आहे ते जपा.

बाबा ऐकून घेत होते. बोलता बोलता अच्युतपुरीचा हात वांग्याच्या झाडाशी गेला. तळाची पानं पिवळी पडली होती. सहज, वाफा नीटनेटका दिसावा म्हणून, त्यानं एक पान खुडायला धरलं.

बाबांनी त्याचं मनगट पकडलं. हात थंड होता, पण पकड घट्ट होती.

"वाळलंय, बाबा."

"वाळलं नाही."

"पिवळं पडलंय. यालाही लोह कमी?"

"हे उलटं आहे. याला कमी पडतंय ते नत्र." बाबा श्वास घ्यायला थांबले. "ते बसून राहत नाही. शेंड्याला कमी पडलं की जुनं पान आपल्यातलं काढतं... आणि वर पाठवतं."

अच्युतपुरीनं वर पाहिलं. झाडाचा शेंडा टवटवीत होता. कोवळी पानं उलगडत होती, त्यांच्यामध्ये एक जांभळं फूल उमललं होतं. त्यानं पुन्हा खाली पाहिलं. पान पिवळं, पातळ, उन्हात जवळजवळ आरपार दिसणारं. देठ अजून झाडाला धरून होता.

त्याला बाबांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"आता त्याला सुटू द्यावं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "किती ओढेल?"

बाबांनी त्याची बोटं एकेक करून पानावरून सोडवली.

"राहू दे. त्याचं अजून देऊन झालेलं नाही."